‘कारण निश्चित करता आलं नाही’ असं लिहून फाईल बंद करणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना खुलं पत्र

साहेब, मॅडम, नमस्कार.

तुमच्या खात्याचा चौकशी अहवाल पालकांच्या हातात पडला. एकच पान. शाळेतलं जेवण जेवलेल्या मुलांच्या आजाराचं कारण ‘निश्चित करता आलं नाही’, ते जेवण बनवणारं स्वयंपाकघर धुऊन पुसून परत सुरू झालंय, आणि पालकांनी मुलांना जेवणाआधी हात धुवायची सवय लावावी, एवढंच त्यात आहे. खाली सही, शिक्का, झालं. ते हात धुण्याचं वाक्य वाचलं आणि ठरवलं की याचं उत्तर नुसतं तुमच्या टेबलावर पाठवायचं नाही, सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. नाव कुणाचंच घेत नाहीये, कारण अशी पानं दुसरीकडेही निघतात, मजकूर जवळपास तोच असतो, तारीख आणि मुलांचा आकडा तेवढा बदलतो.

मी का लिहितेय ते आधी सांगते. आजारी पडलेल्या मुलांमध्ये माझी भाची होती. शाळेत सगळ्यांबरोबर जेवली, काही दिवसांनी पोटात मुरडा, मग जुलाब, मग जुलाबात रक्त. जुलाब कमी झाले तेव्हा घरात सगळ्यांनी हुश्श केलं आणि नेमकं त्यानंतर पोरगी पांढरीफटक पडली, लघवी जवळजवळ बंद. हॉस्पिटलमध्ये कळलं की ई. कोलाय जंतूची एक जात असते, ती शिगा टॉक्सिन नावाचं विष सोडते, ते रक्तातून किडनीपर्यंत जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं. याला एचयूएस म्हणतात. जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभराने हे येतं, म्हणजे घरच्यांना पोर बरं होतंय असं वाटायला लागतं तेव्हा. लहान मुलांना याचा धोका सगळ्यात जास्त. तिचं डायलिसिस करावं लागलं. एवढ्याशा पोरीला त्या मशीनला जोडलेलं बघताना काय होतं ते लिहीत बसत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. आता ती घरी आहे, शाळेत जाते, भांडते पण, फक्त ब्लड प्रेशर आणि लघवीची तपासणी पुढची कित्येक वर्षं चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

(जाता जाता, हे वाचणाऱ्या आईबाबांसाठी: जुलाबात रक्त दिसलं तर जुलाब बंद करायची गोळी मनाने देऊ नका, घरात उरलेली अँटिबायोटिक तर अजिबात नको, या आजारात त्याने प्रकरण आणखी बिघडू शकतं. डॉक्टरकडे जा, शौचाची तपासणी करायला सांगा, आणि पोर लघवीला किती वेळा जातंय त्यावर नजर ठेवा.)

तुम्ही म्हणाल एक दुर्मिळ केस घेऊन ही बाई भांडायला आली. बरं, मग मोठे आकडे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पहिल्यांदा सगळ्या जगाचा हिशोब मांडला: दूषित अन्नामुळे दर वर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात, म्हणजे दहातला एक जण, आणि ४ लाख २० हजार माणसं मरतात. त्यातली १ लाख २५ हजार पाच वर्षांच्या आतली मुलं. जगाच्या लोकसंख्येत ही मुलं ९ टक्के आणि या मृत्यूंमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास. आणि हा हिशोब फक्त ३१ जंतू, परजीवी आणि विषारी पदार्थांचा आहे, बाकीचे त्यात धरलेलेच नाहीत. जागतिक बँकेने २०१८ मध्ये पैशाचं गणित केलं, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचं बुडालेलं काम आणि उपचार मिळून वर्षाला ११० अब्ज डॉलर. आणि सगळं काही दोन दिवसात निघूनही जात नाही. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूनंतर काहींच्या नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात, लिस्टेरियामुळे गर्भपात होतात, धान्याला लागलेल्या बुरशीतलं अफलाटॉक्सिन वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. हे सगळं तुमच्या रजिस्टरमध्ये कुठे येतं? बहुतेक वेळा कुठेच नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नमुन्यांची. तुमची टीम आली तोवर भांडी घासून झाली होती, उरलेलं अन्न टाकून दिलेलं, ओटे पुसलेले, फरशीवर जंतुनाशक. मग तुम्ही तिथून काय उचलणार होतात? स्वयंपाकघर चकाचक होईपर्यंत थांबायचं आणि मग लिहायचं की कारण सापडलं नाही, हे मला पटत नाहीये आणि तुम्हालाही मनातून पटत नसेल. यावर उपाय नवीन शोधायचा नाहीये. १९९६ साली जपानमध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई. कोलाय ओ१५७ पसरला, हजारो मुलं आजारी पडली. आज तिथे शाळेच्या प्रत्येक जेवणातला प्रत्येक पदार्थ आणि त्याचा कच्चा माल, प्रत्येकी साधारण ५० ग्रॅम, उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावा लागतो. दोन आठवडेच का, तर आजार बाहेर यायला वेळ लागतो म्हणून. एक फ्रीझर, थोड्या पिशव्या, तारीख लिहायला पेन. एवढ्याला बजेट नाही असं कोणी सांगितलं तर मला समोर बसवून सांगा.

दुसरी. मुलं अॅडमिट झाली तेव्हा तुमच्या माणसाने आईवडिलांना विचारलं, काल रात्री काय खाल्लं होतं? बास. अहो, शेवटचं खाल्लेलं आठवतं म्हणून तेच कारण असतं असं नाही ना. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या काढतं, साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही, ई. कोलायला बहुतेक वेळा तीन-चार दिवस, हिपॅटायटिस ए ला महिनाभर, आणि लिस्टेरिया तर कधीकधी दोन महिन्यांनी उगवतो. काल रात्रीचं विचारून तुम्ही घरच्या जेवणावर संशय नेलात आणि शाळेतलं जेवण बाजूला राहिलं.

नीट विचारलं की काय होतं त्याचं उदाहरण जर्मनीत आहे, आणि न विचारल्याचंही तिथलंच. २०११ मध्ये तिथे ई. कोलाय ओ१०४ ची साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी, आठशेहून जास्त जणांना भाचीसारखाच एचयूएस, पन्नासच्या वर मृत्यू. सुरुवातीला घाईने स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवलं गेलं, तिथल्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं आणि साथ चालूच. पेशंटना विचारून उत्तर मिळेना, कारण ताटात चार पानं कोंब वरून भुरभुरलेले कोणाच्या लक्षात राहणार? मग तपास करणाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. एकाच रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या लोकांनी कुठल्या डिश मागवल्या ते काढलं, आणि त्या डिशमध्ये काय काय घालतात ते आचाऱ्याला विचारलं. ज्यांच्या ताटात मोडाचे कोंब होते तेच कितीतरी पट जास्त आजारी पडले होते. शेवटी माग मेथीच्या बियांपर्यंत पोचला. आचाऱ्याशी बोलले म्हणून सापडलं. आमच्या प्रकरणात स्वयंपाकघरातल्या एकाही बाईशी कोणी बोललं नाही, मी स्वतः जाऊन विचारून आलेय.

तिसरी तक्रार मोजण्याची, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्याचं मूळ इथेच आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची आजवर नोंदलेली सगळ्यात मोठी साथ आली, हजाराच्या वर पेशंट, दोनशेच्या वर मृत्यू, त्यात नुकती जन्मलेली बाळं किती तरी. साथ सुरू झाली तेव्हा या आजाराची सरकारला खबर देणं हॉस्पिटलांना बंधनकारकच नव्हतं! ते डिसेंबर २०१७ मध्ये झालं. मग जानेवारीत एका पाळणाघरातली काही मुलं ताप आणि जुलाब घेऊन हॉस्पिटलला आली, तिथल्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून घरी न पाठवता लिस्टेरियाची शंका घेतली, तपासणी करून घेतली, पाळणाघराच्या फ्रिजमधले नमुने उचलले गेले, आणि तिथून माग काढत मार्चमध्ये तयार मांस बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचले. तोवर कितीतरी बाळं गेलेली. डॉक्टरने शौचाची तपासणी लिहिली, लॅबने जंतूची जात ओळखली, लॅबने ते वर कळवलं, वर कोणीतरी दोन गावांतले रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले, यातलं एक जरी राहिलं तरी साथ दिसतच नाही. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं? मी तीनदा लेखी विचारलंय.

चौथी, स्वयंपाकघराची. इथे जरा लांबण लावते कारण तुमच्या पानात ‘स्वच्छता करण्यात आली’ एवढंच आहे आणि त्याने मला काहीच कळत नाही. शेकडो माणसांचं जेवण शिजवणाऱ्या ठिकाणी घाण ही एकच अडचण नसते, मोठी अडचण वेळ आणि तापमानाची असते. मोठं खोल पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं की वरून गार वाटतं आणि मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश या मधल्या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. आणि उकळलं म्हणजे सगळं मेलं असंही नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरियस या जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेली त्यांची रूपं, शिजवण्यातूनही जिवंत राहतात, अन्न कोमट झालं की परत जागे होऊन वाढायला लागतात. बॅसिलस सेरियसचं उलटीचं विष आणि स्टॅफिलोकॉकसचं विष परत गरम केलं तरी जात नाही. म्हणजे ‘आम्ही वाढायच्या आधी चांगलं उकळतो’ हे उत्तर ऐकून तुमचा निरीक्षक मान डोलावतो ना, ते उत्तर अपुरं आहे. वास येत नाही, चव बदलत नाही, आचाऱ्याने आधी चाखून बघितलं तरी त्याला काही कळत नाही.

करायचं काय ते साधं आहे. आतून ७० अंशांपर्यंत शिजलंय का ते थर्मामीटर खुपसून बघायचं, रंग बघून नाही. लगेच वाढणार असाल तर ६० च्या वर गरम ठेवायचं. नंतरसाठी ठेवणार असाल तर उथळ ट्रेमध्ये पसरून पटकन गार करायचं आणि ५ च्या खाली न्यायचं, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि टेबल वेगळं. कच्चं कोंबडं नळाखाली धुवायचं नाही, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या ओट्यावर जातात. पाणी तपासलेलं. आमच्या भाचीला झाला त्या ई. कोलायचे शंभराहून कमी जंतू पोटात गेले तरी पुरतं, त्यामुळे एखाद्या सुरीचा हलगर्जीपणाही चालत नाही. आणि तयार झालेल्या जेवणाची चार पाकिटं तपासून सगळं जेवण सुरक्षित ठरत नाही हे काही मी शोधलेलं नाही, १९६० च्या दशकात अंतराळवीरांचं जेवण बनवताना नासाच्या लोकांना हीच अडचण आली, खात्री करायची तर जवळजवळ सगळं जेवण तपासणीतच संपणार होतं. म्हणून त्यांनी बनवताना कुठे कुठे बिघडू शकतं ती ठिकाणं शोधून तिथे तिथे मोजमाप ठेवलं. एचएसीसीपी म्हणतात ती पद्धत तिथून आली, आज जगभर तीच वापरतात. तुमच्या तपासणीच्या फॉर्मवर पण ते नाव छापलंय. पण या स्वयंपाकघरात मला एक थर्मामीटर दिसला नाही.

पाचवी, आजारी कामगारांची. तिथल्या बायकांपैकी एकीने मला सांगितलं की पोट बिघडलेलं असलं तरी यावंच लागतं, न आल्यास पगार कापतात. नोरोव्हायरस झालेल्या माणसाच्या हातून अगदी थोडे विषाणू अन्नात गेले तरी पुरेसे असतात, आणि हाताला लावायच्या अल्कोहोल जेलने तो धड मरत नाही, साबण आणि पाणीच लागतं. नियम असा आहे की उलट्या जुलाब थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही. भिंतीवर हा नियम चिकटवलाय सुद्धा! पण ते ४८ तास त्या बाईने खायचं काय, हे कुठल्या पोस्टरवर लिहिलंय? पगार कापून नियम पाळायला सांगणं म्हणजे नियम मोडायलाच सांगणं आहे आणि नंतर सगळा दोष त्याच बाईवर ढकलायला तुम्ही मोकळे.

आणि शेवटची, ती हात धुण्याची. घरात आम्ही काय करायचं ते आम्हाला माहितीये, जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच पाच सोप्या गोष्टी सांगितल्यात: स्वच्छता, कच्चं-शिजलेलं वेगळं, पूर्ण शिजवणं, योग्य तापमान, सुरक्षित पाणी आणि कच्चा माल. सांगा, हजारदा सांगा, चांगलंच आहे. पण माझ्या भाचीने हात धुतले होते. जे अन्नातच होतं ते तिच्या हातांवरून गेलेलं नाही. घरी आई थांबवू शकेल असा आजार आणि घरापर्यंत यायच्या आधीच थांबवायला लागतो असा आजार, हे दोन तुम्ही एकाच पोस्टरवर आणता आणि सगळी जबाबदारी आमच्या बेसिनपाशी येऊन थांबते. ब्रिटनमध्ये अंड्यांमधून साल्मोनेला पसरत होता तेव्हा त्यांनी लोकांना अंडी नीट शिजवा एवढंच सांगून सोडलं नाही, १९९० च्या दशकाच्या शेवटी कोंबड्यांना लस द्यायला लागले, कळपांची तपासणी लावली. केसेस धाडकन खाली आल्या. २०१७ मध्ये तर तिथल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं की या योजनेतली अंडी गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी अर्धवट शिजलेली खाल्ली तरी चालतील. मुळाशी काम केलं की असं होतं.

आता मागण्या. यातली एकही जगावेगळी नाही.

मुलं, पेशंट, म्हातारी माणसं यांचं एकत्र जेवण जिथे बनतं तिथे प्रत्येक जेवणाचे नमुने गोठवून दोन आठवडे ठेवणं सक्तीचं करा, आणि ते नसतील तर तेवढ्यावरून परवाना थांबवा. आजाराची तक्रार आली की तुमची टीम पोचेपर्यंत स्वयंपाकघर आहे तसं सील.

रक्ताचे जुलाब, किंवा एकाच ठिकाणी जेवलेले दोनापेक्षा जास्त लोक आजारी, हे हॉस्पिटलने आणि खाजगी डॉक्टरनेही त्याच दिवशी कळवलं पाहिजे, शौचाची तपासणी सरकारी खर्चाने. गरिबाला दोनशे प्रश्न विचारून तपासणीचा खर्च त्याच्याच माथी मारला तर तो परत येणार नाही आणि तुमचा आकडा छान कमी दिसेल.

स्वयंपाक करणाऱ्यांना आजारपणात पगारी सुट्टी. ट्रेनिंग त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेत, हातात थर्मामीटर देऊन. सर्टिफिकेट वाटून फोटो काढायचा कार्यक्रम नको, तो झालेला आहे.

तपासणी न सांगता करा. तपासणीत काय सापडलं ते त्या स्वयंपाकघराच्या दारावर लावा, डेन्मार्कमध्ये २००१ पासून हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे स्टिकर लावतात, लहान मुलाला पण कळतं. आमच्याकडे रिपोर्ट कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली रजेवर असते.

आणि प्रत्येक चौकशीचा पूर्ण अहवाल जाहीर. कारण सापडलं नाही तर का सापडलं नाही ते सुद्धा. ज्या ज्या ठिकाणी चुकलं त्याची यादी असली की पुढच्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं, आणि चुकीच्या माणसाला बडवून मोकळं व्हायची सोय राहत नाही. मला कोणाला जेलमध्ये पाठवायची घाई नाहीये, हे इथे मुद्दाम लिहितेय कारण मागच्या मीटिंगमध्ये तसं बोललं गेलं.

राहिलं ते एक पान. ते मागे घ्या. त्याच्या जागी पालकांना हे द्या: टीमला पहिला फोन किती वाजता आला, टीम किती वाजता पोचली, कुठकुठले नमुने घेतले, कुठल्या लॅबला गेले, पाण्याची तपासणी झाली का, आजारी मुलांच्या शौचात सापडलेला जंतू एकच होता की वेगवेगळे, कच्चा माल कोणाकडून आला आणि तोच माल अजून कुठे कुठे गेला. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण तो माल दुसऱ्या एखाद्या शाळेतही शिजला असेल. यातलं काही तपासलंच नसेल तर ‘तपासलं नाही’ असं स्पष्ट लिहा आणि खाली सही करा. उत्तर मला एकटीला नको, जाहीर द्या, पंधरा दिवसांत.

आपली,
एका मुलीची मावशी